खर्जाच्या गादीची मोहीम, मुक्काम हाइडेनरोडा

श्री. थुरिंगिया प्रांती हाइडेनरोडा म्हणोन कसबा आहे, तेथील थोरल्या देवळाच्या आश्रयाने जुन्या दरबारी संगीताचा एक वाद्यवृंद नांदतो, त्यात खर्जाची गादी रिकामी पडोन जो पेच उत्पन्न जाहला, आणि त्यापायी ज्या स्वाऱ्या, शिष्टाया, मसलती व फजित्या जाहल्या, आणि सरतेशेवटी ती गादी कोणाच्या हुकुमाने सर जाहली, त्याची हकीकत पुसाल तर येणेप्रमाणे. मोहिमेत रक्त सांडले नाही. कॉफी बहुत सांडली. तोफा नव्हत्या म्हणोन तोफा लिहिल्या नाहीत. जे घडले तेवढेच लिहिले आहे.

प्रथम फौजेची मांडणी सांगणे जरूर. आघाडीस पहिली व्हायोलिने, ते खासे सरदार, सूर त्यांचा, वाहवा त्यांची, आणि चूक जाहली तर ती मागच्यांची. त्यांच्या लगत दुसरी व्हायोलिने, ते मुतालिक, मेहनत तितकीच आणि नाव नाही. मध्यभागी व्हियोला, व्हायोलिनाहून अंमळ थोर. भिंतीत दगडांमध्ये चुना असतो तैसी त्याची गत, असला तर दिसत नाही, नसला तर भिंत पडते. आणि या सर्वांच्या तळी खर्ज. खर्जाचे राज्य दोघांचे असते, एक गजाने वाजणारा चेलो आणि एक तारांचा, पट्ट्या दाबोन वाजणारा हार्पसिकॉर्ड. चेलो खालची ओळ ओढतो, हार्पसिकॉर्डचा डावा हात तीच ओळ त्याच्या बरोबरीने वाजवतो, आणि उजवा हात त्या ओळीखाली लिहिलेले बारीक आकडे पाहोन वरचे स्वर आपल्या अकलेने रचतो. दोघे एकाच पानावरोन वाचतात. खर्ज एक, म्हणोन पान एक, ऐसा त्या दरबारचा जुना शिरस्ता.

हार्पसिकॉर्डवर राजश्री एकेहार्ट ब्रोमे. हयातभर सरकारी मोजणीखात्यात शेतांच्या हद्दी आखल्या, निवृत्त जाहले, आणि मग संगीतातल्या हद्दी आखू लागले. कोणत्या वाद्याने कोठे यावे आणि कोठे गप्प बसावे याचे तमाम कायदे त्यांस मुखोद्गत, आणि ते कायदे त्यांनी सर्वांस इतक्यांदा ऐकवले होते की मंडळी झोपेतही चुकीच्या जागी आली नसती. त्यांच्या डाव्या हातास, चेलो घेऊन, त्यांच्या पत्नी हेडविगबाई बसत. लग्नाआधीपासोन बसत. गतसाली हिवाळा सरता सरता त्या आजारी पडल्या आणि मे महिन्यात गेल्या. याउपर या विषयी लिहिण्यासारखे काही नाही. घरात दोन कप होते, एक वापरात राहिला.

मग ब्रोमे यांनी जाहीर केले की हार्पसिकॉर्डच्या डाव्या हातास जी खुर्ची आहे तिजवर चेलो घेऊन कोणी बसू नये, खर्ज आपण एकटेच सांभाळू. मंडळींनी दुःख जाणोन मान तुकवली. परंतु महिने गेले आणि ध्यानात आले की ब्रोमे दोघांचे काम करावयास जातात आणि त्यापायी उजवा हातही खाली उतरवोन डाव्याच्या मदतीस देतात. दोन्ही हात तळाशी खणीत बसले आणि वरचे स्वर नाहीसे जाहले. पायाखाली जमीन नाही आणि डोक्यावर छप्पर नाही ऐसे होऊन व्हायोलिने घाबरली, घाबरोन धावू लागली, आणि जे नृत्याचे प्रकरण डौलाने चालावे ते बस चुकल्यासारखे पळू लागले.

इतक्यात देवळाचे धर्मगुरू पास्टर साहेब यांचा निरोप आला. हंगामाच्या आभाराचा सण ऑक्टोबरात येतो, त्या दिवशी देवळात वादन वाद्यवृंदाचे, हा जुना मान. पास्टर साहेबांनी अतिशय गोड शब्दांत लिहिले की वाद्यवृंदाची तयारी नसेल तर कोणी संकोच मानू नये, शेजारच्या फोगेलसडोर्फ गावचे पितळी तुताऱ्यावाले विनासायास येतील, त्यांची नेहमीच तयारी असते.

हे वाचोन आघाडीच्या सरदार सीग्लिंड टाउबेर्ट यांच्या अंगाचा तिळपापड जाहला. या बाई पेशाने दंतवैद्य, हात हलका आणि मन पक्के. फोगेलसडोर्फचे तुताऱ्यावाले म्हणजे आवाज मोठा, वेळेवर हजर, आणि वाजवोन जाहल्यावर बिअर पिताना हाइडेनरोडाचे नाव घेऊन हसणारे. त्यांनी आपल्या देवळात उभे राहावे ही गोष्ट बाईंस मंजूर नव्हती. सबब गादी सर करणे आले.

पहिली चाल उघड्या मैदानाची. बाईंनी शेजारच्या शहरातून एक उमदा चेलोवाला बोलावला आणि गुरुवारच्या तालमीस कोणास न सांगता आणोन उभा केला. ब्रोमे यांनी त्याजकडे पाहिले, नमस्कार घेतला, आणि मग हार्पसिकॉर्डचे झाकण उघडोन, किल्ली काढोन, तारा जुळवावयास आरंभ केला. थंड दगडी देवळात हे वाद्य लवकर उतरते, आणि ते जुळवल्यावाचोन कोणी एक सूर काढू नये हा कायदा. चेलोवाला उभा राहिला, मग बसला, मग त्याने आपला डबा उघडोन चीजपाव खाल्ला.

"अजून किती वेळ, हेर ब्रोमे?" बाईंनी विचारले. हेर म्हणजे त्या मुलखीचे राजश्री.

"तार सांगेल तेवढा."

"आणि काय म्हणतेय तार?"

"गर्दी झालीय म्हणतेय."

"अहो, पाहुणे बसलेत. त्यांना घरी बायकापोरं आहेत."

"मग त्यांनी जावं. बायको असताना माणसानं घरी जावं."

चेलोवाल्याने चेलो पेटीत घातला आणि गेला. तो जाताच वाद्य एका क्षणात जुळले. पहिली स्वारी ऐसी बुडाली.

मग शिष्टाई. शिष्टाईस व्हियोलावाले ओटमार यांस नेमले, कारण ते कसाई, ब्रोमे यांचे बाळपणचे सोबती, आणि ज्यांचे वादन कोणास ऐकू येत नाही त्यांचे बोलणे तरी ऐकू यावे ऐसा बाईंचा हिशेब. ओटमार शनिवारी दुपारी कागदात सॉसेज बांधोन ब्रोमे यांच्या दारी गेले. ती मुलाखत जैशी जाहली तैशी लिहितो.

"सॉसेज आणलेत. जाळीवर टाकतोस का?"

"कोणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही. सीग्लिंडबाईंनी."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सहज गेलास असं दाखव."

"छान दाखवलंस. ये आत."

मग अंगणात कोळसे पेटवले, सॉसेज भाजले, आणि मोहरीची चटणी लावोन उभ्याउभ्या खाल्ले. खाता खाता ओटमार म्हणाले, "एकेहार्ट, तुझा उजवा हात कुठे गेला रे?"

"हा काय, सॉसेज धरलंय त्यात."

"वाजवताना म्हणतोय. दोन्ही हातांनी खालीच खोदत बसतोस. वर कोणीच नाही. मला मध्ये लटकल्यासारखं होतं."

"तू व्हियोला वाजवतोस. तुला लटकायचंच असतं."

"ते खरंय," ओटमार म्हणाले. "पण लटकायला वर खुंटी लागते ना."

ब्रोमे यांनी चिमट्याने एक कोळसा उलटला आणि म्हणाले, "तिथे कुणी चेलो घेऊन बसलं की माझं लक्ष जाणार. लक्ष गेलं की ती नसणार. दर ओळीला, ओटमार. खुर्ची रिकामी असली तर निदान खुर्चीच दिसते."

ओटमार यांनी उरलेले सॉसेज ब्रोमे यांच्या ताटात ठेवले, घरी परत आले, आणि बाईंस तो मजकूर अक्षरशः सांगितला. शिष्टाई निष्फळ.

सीग्लिंडबाईंनी तो मजकूर ऐकोन घेतला आणि मग त्या सोमवारभर दवाखान्यात लोकांच्या तोंडात पाहता पाहता विचार करीत राहिल्या. दंतवैद्यकीचा धडा ऐसा की जो दात दुखतो त्यास आधी हात लावू नये. चेलो येऊ नये हा हुकूम. बरे, चेलो नाही. परंतु खर्जात चेलोच बसतो ऐसे थोडेच आहे? आणि बाईंस ब्रोमे यांचाच एक कायदा आठवला, आणि त्यांनी पेशंटच्या तोंडात बोट ठेवोन "अहाहा" म्हटले, त्यावर पेशंट घाबरला.

मसलत ऐसी. बाईंनी उर्सेल आणि त्राउडेल या दोघी बहिणींस ओबो घेऊन येण्याविषयी लिहिले. ओबो हे फुंकण्याचे वाद्य, त्याची जीभ वेताची, आणि ती जीभ तासण्यात ओबोवाल्याचे अर्धे आयुष्य जाते. या बहिणी तर जेवतानाही तासीत. गुरुवारी त्या चाकू आणि पाण्याची डबी मांडोन बसल्या, आणि मग बाईंनी डोळे निष्पाप करोन पृच्छा केली.

"हेर ब्रोमे, ओबो आले म्हणजे आणखी काही लागतं का हो? मला मेलीला काही आठवतच नाही."

ब्रोमे यांस कायदा विचारला की ते सावध राहत नसत. म्हणाले, "काय विचारता! ओबो आले की बसून येतो, तोच तो लांबलचक फुंकायचा, ओबोचा थोरला भाऊ. शंभरदा सांगितलंय."

"पण कागदावर तर कुठे लिहिलेलं नाही."

"लिहायचं कशाला? घोडा म्हटला की शेपूट आलंच, लिहितं का कुणी? ओबो वाजले की बसून वाजणार, ओबो थांबले की बसून थांबणार."

"आणि बसतो कुठे तो?"

"खर्जात. दुसरं कुठे बसणार? त्याला वेगळं पान नसतं. खर्जाच्याच पानावरून..."

आणि येथे ब्रोमे थांबले. त्यांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी छताकडे पाहिले. ओटमार यांस हसू आले, त्यांनी ते व्हियोलात लपवले. आणि त्याच समयी देवळाचे दार करकरले आणि बाहेर ओट्यावर केव्हाचे उभे असलेले लोटार क्नोल हे एक लांब पेटी काखोटीस मारोन आत आले. हे गावोगावची धुराडी झाडणारे, गडी आडवा, छाती पिंपाएवढी. धुराडेवाला भेटला तर दैव उघडते ऐसा त्या मुलखीचा समज, सबब उर्सेल आणि त्राउडेल यांनी चाकू ठेवोन आधी त्यांच्या बाहीस हात लावोन घेतला.

"बोलावलंत का?" क्नोल म्हणाले. "बाहेर पाय गारठले हो."

ब्रोमे यांची स्थिती ऐसी जाहली की आपणच बांधलेल्या तटावर आपणच बाहेरच्या बाजूस उभे. चेलो असता तर हाकलला असता. हा बसून. कायदा त्यांचा, शब्द त्यांचा, आणि साक्षीस सगळा दरबार. तारा जुळलेल्या होत्या. क्नोल खुर्चीवर बसले, खुर्चीने कुरकूर केली, आणि दोघांनी एका पानावर डोळे ठेवले.

आरंभी फजितीच फजिती. चेलोस श्वास लागत नाही, गज इकडून तिकडे फिरवला की काम जाहले. बसून माणसाच्या दमावर चालतो. मोठी ओळ आली की क्नोल मध्येच तुटत, खर्जास भोक पडे, आणि ब्रोमे त्यांजकडे हद्द ओलांडलेल्या शेतकऱ्याकडे पाहावे तैसे पाहत.

"ओळ तोडू नका," ब्रोमे म्हणाले.

"श्वास घेतोय हो. मी काय लोहाराचा भाता आहे?"

"आधी घ्या."

"आधीही घेतला. संपला."

मग ते नृत्य पुन्हा धरले. क्नोल यांनी वेताची जीभ ओठांत धरली आणि ओळीच्या तोंडाशी, नाकाने, भसकन श्वास आत ओढला, आणि त्या आवाजासरशी ब्रोमे यांचे हात पट्ट्यांवर उतरले. नेमके उतरले. अवघा वाद्यवृंद एकदम एका जागी पडला, जैसा वर्षभर पडला नव्हता. मंडळी चकित. ब्रोमे सर्वांहून चकित.

त्याचे कारण ऐसे की हेडविगबाईंस चेलो वाजवण्यास श्वासाची गरज नसता त्या प्रत्येक ओळीआधी नाकाने मोठ्याने श्वास घेत. गावात त्याची थट्टा होई. ब्रोमे स्वतः त्यांस घरी "आमची आगगाडी" म्हणत. आणि आपण इतकी वर्षे तालावर येत नव्हतो, त्या श्वासावर येत होतो, हे त्या माणसास त्या गुरुवारपर्यंत माहीत नव्हते. बाजूस कोणी श्वास घेतला नाही म्हणोन वर्षभर त्यांचे हात अंधारात जिना उतरल्यासारखे पायऱ्या चाचपीत होते.

त्यांनी हे कोणास सांगितले नाही. फक्त म्हणाले, "परत एकदा. क्नोल, श्वास तसाच घ्या. मोठ्याने."

"मोठ्याने? सगळे म्हणतात हळू घे."

"सगळ्यांना काय कळतंय?"

आणि त्या फेरीस उजवा हात वर आला. आधी एक स्वर, मग दोन, आणि मग आकड्यांप्रमाणे पुरते. ओटमार यांनी मान वर करोन पाहिले आणि गज जोरात ओढला, इतका की त्या दिवशी व्हियोला ऐकू आला. दरबारात तशी नोंद आहे.

परंतु किल्ला घेतला म्हणजे बालेकिल्ला हाती येतो ऐसे नाही. वाजवावयाच्या संचात मध्यावर एक संथ प्रकरण होते. तेथे ओबो गप्प. आणि ओबो थांबले की बसून थांबणार. सीग्लिंडबाईंनी कायद्याचा अर्धा भाग फौजेत घेतला होता, उरलेला अर्धा शत्रूकडेच राहिला होता. प्रत्येक तालमीस ते प्रकरण आले की क्नोल वाद्य मांडीवर आडवे ठेवीत, आणि ब्रोमे एकटे, दोन्ही हात पुन्हा तळाशी, सुक्या हाडासारखे वाजवीत. बाईंनी हे पाहिले, कपाळास हात लावला, आणि कबूल केले की या तटास शिडी लागत नाही. आतूनच कोणी दार उघडले तर उघडले.

सणाचा दिवस उगवला. वेदीपुढे भोपळे, कोबी, सफरचंदे, गव्हाच्या पेंढ्या आणि भाकरीएवढे मोठे पाव रचले. देऊळ भरले. फोगेलसडोर्फचे तुताऱ्यावाले पाहुणे म्हणोन पहिल्याच बाकावर येऊन बसले, पाय पसरोन, आणि काही जणांनी तुताऱ्या बरोबर आणल्या होत्या, न जाणो गरज पडली तर.

पहिले प्रकरण डौलात पार पडले. तुताऱ्यावाल्यांनी पाय आत घेतले. मग संथ प्रकरण आले. उर्सेल आणि त्राउडेल यांनी ओबो खाली ठेवले. क्नोल यांनी बसून मांडीवर आडवा ठेवला. सीग्लिंडबाईंनी गज उचलोन ब्रोमे यांच्या पहिल्या सुराची वाट पाहिली, कारण तेथे आरंभ खर्जाचा.

ब्रोमे यांचे हात पट्ट्यांवर अधांतरी राहिले. खाली येईनात. बाईंनी मानेने खूण केली. हात तैसेच. देवळात कोणी खोकले. पास्टर साहेबांनी तुताऱ्यावाल्यांकडे पाहिले, तुताऱ्यावाल्यांनी आपसात पाहिले, आणि एकाने पेटीची कडी काढली, त्याचा आवाज सर्वांनी ऐकला. त्या क्षणी मोहीम बुडालीच ऐसे सर्वांस वाटले.

मग ब्रोमे डावीकडे वळले. ते जे बोलले ते हळू बोलले, परंतु दगडी देवळात हळू काही राहत नाही.

"क्नोल."

"हं?"

"वाजवा."

"ओबो थांबलेत. तुमचाच कायदा आहे."

"माझाच आहे. मीच मोडतो. वाजवा."

"ही ओळ लांब आहे हो. मला श्वास नाही पुरायचा."

"घ्या लागेल तिथे. मी थांबेन."

क्नोल यांनी बसून उभा केला, वेताची जीभ ओठांत धरली, आणि असा श्वास ओढला की शेवटच्या बाकापर्यंत गेला. त्यावर ब्रोमे आले. डावा हात बसूनच्या संगतीने खालोन चालला, आणि उजवा वर, एकेक स्वर उलगडीत, घाई नाही. जेथे क्नोल यांचा दम सरे तेथे ब्रोमे हात उचलोन वाट पाहत, आणि त्यांच्यापायी व्हायोलिने वाट पाहत, ज्यांनी उभ्या जन्मात कोणाची वाट पाहिली नव्हती. खर्जास भोके पडली. कोणी ती मोजली नाहीत. उर्सेल रडली, त्राउडेलने तिला वेत खारट होईल म्हणोन दटावले आणि मग आपणही रडली. तुताऱ्यावाल्याने पेटीची कडी पुन्हा लावली.

वादन जाहल्यावर देवळाबाहेर कोळसे पेटले, बिअर आली, आणि फोगेलसडोर्फच्या म्होरक्याने येऊन सीग्लिंडबाईंस कबुली दिली की मधले ते संथ बरे जाहले, "पण तुमचा तो फुंकणारा धापा फार टाकतो." बाईंनी उत्तर केले की धापा ब्रोमे यांच्या हुकुमाने टाकल्या. ओटमार यांस एका म्हाताऱ्या बाईने विचारले की तुम्ही आज वाजवले का, त्यांनी होय म्हटले, बाईस नवल वाटले.

येणेप्रमाणे खर्जाची गादी सर जाहली. दरबारात नोंद केली ती ऐसी की मान सीग्लिंड टाउबेर्ट यांचा, कारण मसलत त्यांची. हिस्सा ओटमार यांचा, कारण सॉसेज त्यांचे. गादीवर लोटार क्नोल कायम. संथ प्रकरणात बसून गप्प राहावा हा कायदा हाइडेनरोडा हद्दीपुरता रद्द, रद्द करणार खुद्द कायदा सांगणारे. फत्ते कोणावर जाहली ते लिहावयास गेलो तर शत्रू सापडला नाही, सबब ती जागा कोरी ठेविली आहे.

आणि मंडळी पांगताना ब्रोमे यांनी क्नोल यांच्या बाहीस हात लावला. दैवासाठी लावला की थांबवण्यासाठी, हे समजले नाही. म्हणाले, "गुरुवारी जरा लवकर या. पान घेऊन बसू."

"कशाला? वाजवून तर झालं."

"तुमच्या श्वासाच्या जागा ठरवू. पेन्सिल मी आणतो."

मिती ऑक्टोबरचा पहिला रविवार, मुक्काम हाइडेनरोडा. मोहीम पुरी जाहली, दफ्तर बांधले.